घोंगड्याला लाल खूण

सुमित्राबाईंनी आयुष्यात किती वेळा घर हलवलं ते विचारूच नका. माणदेशातल्या मेंढपाळाची बायको ती. दिवाळी सरली की माळावर कुसळसुद्धा उरायचं नाही, प्यायच्या पाण्यासाठी विहिरीचा तळ वाटीनं खरवडायला लागायचा, आणि मग अख्खं बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाची वाट धरायची. पुरुष मेंढरं घेऊन पुढं जायचे, मागून घर आणायचं ते बाईनं. रोज नवी जागा, रोज तीन दगड मांडून नवी चूल, सकाळी पुन्हा सगळं घोड्यावर. त्यामुळे सिंगापुरात आंग मो किओच्या फ्लॅटमधून नोव्हेनाच्या कॉन्डोत जायचं ठरलं तेव्हा घरातले सगळे वैतागले होते आणि त्या एकट्या खुशीत होत्या. पदर खोचून त्यांनी सगळं स्वयंपाकघर स्वतः बांधलं. तवा आणि चहाचं भांडं सगळ्यात शेवटी, वरच्यावर ठेवलं, कारण नव्या जागी पहिली चूल पेटते ती त्यांच्यावर.

मुलगा शैलेंद्र बोटीवर इंजिनिअर होता, आता सिंगापूरच्या बंदरात साहेब झाला होता. शैलेंद्र हे नाव शाळेच्या मास्तरांनी लावलेलं. आईचा तो बिरूच. घाटात, वाटेवर जन्मलेला. कॉलेजात गेला तेव्हा लेंड्यांचा वास येतो म्हणून त्यानं घरचं घोंगडं होस्टेलवर नेलं नव्हतं. तेच घोंगडं आता हॉलमध्ये काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. पाहुणे आले, बिअरचा ग्लास हातात आला की हा भिंतीपाशी उभा राहणार आणि सुरू करणार, "आम्ही भटकी माणसं. आमचा मुलूख म्हणजे डेझर्टच म्हणा." पाहुणे वा वा करणार. सुमित्राबाई आत पुऱ्या तळत असायच्या. त्यांना बाहेर बोलवावं असं कधी कुणाला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी सामान न्यायला माणसं येणार होती. सून विनीता पहाटेपासून खोक्यांवर गोल चिकट्या लावत फिरत होती, काही लाल, काही निळ्या. सुमित्राबाईंना वाचता येत नव्हतं, पण खूण त्यांना कुणी शिकवायला नको होती. त्यांच्या मेंढरांच्या उजव्या कुशीला लाल ठिपका असायचा. दोन कळप एकमेकांत मिसळले की तंटा नको, ठिपका बघायचा आणि आपलं जनावर आपल्याकडे ओढायचं.

त्या खोक्यांमधून फिरायला लागल्या. टीव्हीला लाल, नातीच्या, अवनीच्या पियानोला लाल. चौकटीतल्या घोंगड्यालाही लाल. निळ्या चिकट्या दाराजवळच्या ढिगाला होत्या: बिघडलेला पंखा, अवनीला आखूड झालेले फ्रॉक, जुनी मासिकं. आणि त्यांची पत्र्याची पेटी.

"विनीता, निळं कुटं जानार?"

"ते... इंडियाला, आई. किंवा देऊन टाकायचं."

"आन माजी पेटी?"

विनीतानं चिकट्यांची गुंडाळी हातात घट्ट धरली. "शैलेंद्र बोलणार होता तुमच्याशी."

शैलेंद्र बाल्कनीत फोनवर होता. फोन संपला तरी तो उगाच थोडा वेळ तिथंच उभा राहिला.

"आई, बस ना जरा," तो आत येत म्हणाला. "अगं, तिथली तिसरी खोली अगदीच लहान आहे. अवनीचा पियानो, माझं टेबल... मावतच नाही. पुण्यात फार चांगली जागा बघितलीय मी तुझ्यासाठी. सगळी तुझ्याच वयाची माणसं. टीव्ही आहे, डॉक्टर येतो."

"कवा ठरवलंस?"

"झाले दोन महिने. तुला उगाच आधीपासून त्रास नको म्हणून..."

सुमित्राबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन महिने! म्हणजे त्या चार दिवस कंबर मोडेस्तोवर भांडी बांधत होत्या तेव्हा या दोघांना सगळं माहीत होतं. नव्या घरात लोणच्याची बरणी कुठं ठेवायची म्हणून त्यांनी विनीताला विचारलं होतं. तिनं सांगितलंही होतं, सिंकच्या वरच्या कपाटात म्हणून. कुणाची बरणी, कुणाचं कपाट!

"जागंत मावत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. आवाज चढला तो चढलाच. "आरं, घाटात आपलं एक घोडं मेलं तवा कुटं मावत हुतं? तुज्या आज्जीचं पाय सुजल्यालं, पाऊल उचलंना. एकच घोडं राह्यलं, त्याच्यावर सगळं बिऱ्हाड. काय टाकलं असंल मी?"

"आई, प्लीज, शेजारी ऐकतील..."

"ऐकू दे! काय टाकलं इचार की! हंडा टाकला, माज्या आईनं दिल्याला पितळंचा हंडा. झाडाखाली ठिवला आन मागं वळून बघितलं न्हाय. म्हातारीला वर बसवलं. तू माज्या पाठीवर, ह्याच घोंगड्यात. हे सांगतुस का रं तुज्या पावन्यांस्नी?"

अवनी दारात येऊन उभी राहिली, "व्हाय आजी शाउटिंग, आह?" असं तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली, आणि विनीतानं तिला आत ओढलं.

सुमित्राबाईंनी स्टूल ओढलं, चढल्या आणि चौकट खाली काढली. बांधलेल्या भांड्यांतून सुरी उपसली, मागचा कागद टराटरा फाडला आणि घोंगडं बाहेर खेचलं. नाकाला लावलं. लोकरीचा नाही, धुराचा नाही, कसलाच वास नाही.

"धुऊन आनलंत व्हय ह्ये?"

"ड्रायक्लीन केलं होतं," विनीता हळूच म्हणाली.

"आई, तेवढं तरी राहू दे," शैलेंद्र म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आठवण आहे गं ती."

"आठवन कशाला रं? मी हाय की अजून."

त्यांनी पेटी उघडली, घोंगडं घडी करून लुगड्यांवर ठेवलं, कडी लावली. पेटीवरची निळी चिकटी नखानं खरवडली. ती निघाली नाही, अर्धी तशीच राहिली.

"त्या पुन्याच्या जागंत मी जायची न्हाय. परतापकडं जानार," त्या म्हणाल्या. प्रताप थोरला, अजून मेंढरांमागं फिरणारा. शैलेंद्रच्या पार्टीत त्याचं नाव निघत नसे. "दिवाळी झालीया. घाट उतरून कोकनात पोचला असंल. त्याला भिताडं न्हाईत, म्हनून मावतंय तितं."

बेल वाजली. सामान नेणारी माणसं आत आली आणि लाल चिकट्या बघून भराभर उचलायला लागली. पियानो गेला, टीव्ही गेला. एकानं रिकामी चौकट उचलली, आरपार बघितलं आणि शैलेंद्रला विचारलं, "बॉस, दिस वन नथिंग इनसाइड. ऑल्सो टेक, आह?"

शैलेंद्र आईकडे बघत राहिला. आई पेटीवर बसली होती, दाराकडे तोंड करून.

त्या माणसानं थोडी वाट पाहिली. मग चौकटीवरची लाल चिकटी बघितली, ती चौकट जाड चादरीत नीट गुंडाळली, काचेला धक्का लागू नये म्हणून छातीशी धरली आणि लिफ्टकडे घेऊन गेला.