भाषणातली आई

आधीच सांगते, विरूपाक्ष गुर्जी वाईट मानूस न्हवता. मला त्याचा राग हाय, मरंस्तोवर राहील, पर वाईट न्हवता. उदगीरकडचा. पोरांवर कवा हात उचलला न्हाई. आमचं गाव औशाजवळचं, साळा सातवीपतूर. म्होरं शिकायचं तर औसा न्हाईतर लातूर. पोरी काई सातवीच्या म्होरं जात न्हवत्या. कुनी खडी फोडायला जायची, कुनी सासरला. गुर्जीनं माज्या पंचशीलेचं मातर मनावर घेतलं.

एक दिस खडीच्या कामावर आला, उन्हात उभा ऱ्हायला. म्हनला, "चांगुणाबाई, या पोरीच्या आवाजात काहीतरी आहे. आपला लातूर जिल्हा आता वेगळा झालाय. नव्या जिल्ह्याची पहिलीच वक्तृत्व स्पर्धा आहे, सगळ्या तालुक्यांतल्या शाळा येणार. तिथं चमकली तर हिच्या पुढच्या शिक्षणाचं कोणीतरी बघेल."

वक्तृत्व म्हंजे काय, मला काय ठावं! पर म्होरचं शिक्षान, एवढं बराबर कळलं. हिचा बाप लिंबाजी तापानं गेला तवा ही दोन वर्साची. तवापासून आमी दोघीच. लेक माज्यासारखी हातोडा घेऊन बसू नये, बस्स. दुसरं काई मी कुनाला मागितलं न्हाई, बुद्धाच्या मूर्तीपुढं बी न्हाई.

इषय काय, तर दुस्काळ. घ्या! लाईनीत घागरी ठिवून आमच्या माना मोडल्या आन् त्याच्यावर भाशन, आन् त्याला बक्षीस. मी म्हनलं, "गुर्जी, मग मलाच उभी करा की. मला सगळा पाठ हाय." गुर्जी हसला. मग म्हनला, "लिहून मी देतो, पाठ ती करील."

पोरगी येताजाता बोलायची. घागर घेऊन उभी असली तरी व्हट हलायचे. मला लई गोड वाटायचं. ते पुस्तकी बोलनं, "श्रोतेहो" का काय. चुलीपाशी बसून मी म्हनायची, "म्हन गं परत." ती म्हनायची. "माझी आई रोज पहाटे त्या विहिरीत उतरायची," इथपतूर आली की गप्प.

"म्होरं?"

"म्होरचं पाठ न्हाई झालं."

रोज तिथंच अडायची. मला वाटलं, अवघड असंल. मी आपली हरकून गेले. इहिरीत उतरायची ते खरंच व्हतं. आमच्या वस्तीच्या इहिरीला तळाशी नुसता गाळ. कमरेला दोर बांधून बाया मला खाली सोडायच्या आन् मी वाटीनं पानी भरायची. म्हनलं, बघा, आईचे कष्ट लेक भर सभेत सांगनार. मला कवा कुनी सभेत घेतलं व्हतं?

गुर्जी म्हनला, "तुम्ही कशाला येता, रोज बुडेल." मी म्हनलं, "बुडू द्या." निळं लुगडं धुतलं, वाळवलं, आन् यष्टीत त्यांच्या मागं जाऊन बसले. गुर्जी सारखा मागं वळून बघायचा. मला वाटलं, माजी काळजी करतोय.

लातूरच्या त्या हालात ही गर्दी. चाकूर, अहमदपूर, निलंगा, कुठकुठली लेकरं. बुटं काय, रिबिनी काय! माजी पंचशीला अनवानी. मी पार मागं भिंतीला टेकले. तिचं नाव पुकारलं आन् मीच घाबरले. पर पोरगी घाबरली न्हाई. असा आवाज लावला की खोकणारे बी गप झाले.

"माझी आई रोज पहाटे त्या विहिरीत उतरायची." आन् या खेपेला ती थांबली न्हाई. "एके दिवशी दोर तुटला. बायांनी हाका मारल्या. आतून उत्तर आलं नाही. श्रोतेहो, वडील मी पाहिलेच नव्हते. दुष्काळानं माझी आईही नेली. आता घागर मी उचलते, आणि त्या विहिरीत डोकावताना मला माझी आई दिसते."

आन् रडली. खरं खरं रडली. डोळ्यांतून धारा.

अगं बया, मी मेले? कवा मेले मी? आजूबाजूच्या बाया पदर डोळ्याला लावून बसल्या व्हत्या. शेजारची मला म्हनती, "कोनाचं लेकरू गं, किती वाईट!" आग लागो त्या भाशनाला! मनात आलं, उठावं, वर चढावं, सगळ्यांदेखत तिच्या पाठीत धपाटा घालावा आन् म्हनावं, ही बघा मेलेली, हातात अजून जोर हाय तिच्या. पर टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या थांबंनात. पहिला नंबर. पुऱ्या जिल्ह्यात पहिली.

मग एक बाई वर चढल्या. उमादेवी, सगळे उमाअक्का म्हनायचे. आडत दुकानदाराच्या घरच्या, लातुरात निराधार पोरींचं बोर्डिंग चालवायच्या. मानूस सोन्यासारखं, उगी खोटं कशाला बोलू! त्यांनी पंचशीलेला पोटाशी धरलं आन् तिथंच सांगून टाकलं, "ही मुलगी आजपासून माझी. मॅट्रिकपर्यंत बोर्डिंगात राहील, शिकेल. पुढचंही बघू."

परत टाळ्या. गुर्जीचं तोंड पांढरंफट. त्याला बक्षीस पायजे व्हतं, हे म्होरचं त्याच्या बी डोक्यात न्हवतं.

खाली आल्यावर उमाअक्कांनी इचारलं, "हिच्याबरोबर घरचं कोण आलंय?"

पंचशीलेनं माज्याकडं बघितलं. गुर्जीनं जिमिनीकडं बघितलं. लेकीचं तोंड उघडलं, बंद झालं. मला दिसलं, आता ही बोलनार. बोलली की गेलं सगळं. उद्या सकाळी हिच्या हातात हातोडा.

मीच म्होरं झाले. "मावशी हाय मी. तिच्या आईची धाकटी भन."

उमाअक्कांनी माजे दोन्ही हात धरले. "बहिणीचं लेकरू इतकी वर्षं सांभाळलंत. फार मोठं मन आहे तुमचं."

मी मान हालवली.

परतीच्या यष्टीत गुर्जी शेजारी येऊन बसला. "चांगुणाबाई, मला क्षमा करा. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय नंबर येत नाही हो."

"मग तुमची आई मारायची की, गुर्जी! लेक माजी, आन् मुडदा बी माजाच?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठिवली. म्हनला, "मी उद्या जाऊन खरं सांगून येतो."

"खबरदार! त्या बोर्डिंगचा दरवाजा बंद झाला तर मी खरंच इहिरीत उडी टाकीन. आता गप बसा जन्मभर." आन् तो गप बसला. तेवढं एक त्यानं माजं ऐकलं.

पंचशीला बोर्डिंगात गेली. आयतवारी भेटायला जायचं. पहिल्या खेपेला तिथल्या बाईनं हाक मारली, "पंचशीला, तुझी मावशी आलीय." पोरगी जिन्यात उभी, खाली यायलाच तयार न्हाई. मग आली, आन् सगळ्यांदेखत म्हनली, "कशी हायस, मावशी?" आन् फाटकापतूर सोडायला आली तवा माज्या गळ्यात पडून रडली. म्हनली, "आई, मला घरी ने. मला न्हाई शिकायचं." मी तिला ढकलून दिलं. खरंच ढकललं. जाताना सगळ्या वाटंनं मी पदर तोंडात कोंबून चालले.

तिथला कायदा कडक व्हता, आन् त्यात उमाअक्कांची चूक न्हाई. जागा थोड्या, बिनआईबापाच्या पोरी लई. एका पोरीचा बाप जिता निघाला, तर दुसऱ्या दिशी तिची पेटी बाहेर आली. पंचशीलेनं ते बघितलं व्हतं. मी बी.

आन् ते भाशन काई थांबलं न्हाई. उमाअक्का तिला घेऊन जातील तिथं तेच. मी उदगिरात मेले, निलंग्यात मेले, औशाला तर दोनदा मेले. कपाटात शिल्डी वाढत गेल्या. गावात बाया म्हनायच्या, "चांगुणे, नशिबाची गं तू." मी म्हनायची, "हाव, नशिबाचीच." त्यांना काय सांगू, की दर बक्षिसाला माजी माती व्हती?

पंचशीला आठवीतून नववीत गेली. आन् नांदेडला पुऱ्या मराठवाड्याची स्पर्धा आली. उमाअक्का म्हनल्या, "या वेळी मावशींनाही नेऊ. त्यांनी कधी ऐकलं नाही पुन्हा." मी लई टाळलं. पर पंचशीलाच हट्टाला पेटली. "तू येच. म्होरच्या लाईनीत बस." मला वाटलं, लेकीला हौस वाटत असंल.

बसले म्होरच्या लाईनीत, उमाअक्कांच्या शेजारी. पंचशीला उभी ऱ्हायली. आता आंगानं भरली व्हती, आवाज अजून दाट झाला व्हता. बोलत बोलत इहिरीपाशी आली. "माझी आई रोज पहाटे त्या विहिरीत उतरायची." आन् थांबली.

उमाअक्का पुटपुटल्या, "विसरली की काय?"

विसरली न्हवती. ती माज्याकडं बघत व्हती.

"माझी आई मेलेली नाही," ती म्हनली. "दोर तुटला नाही. हे भाषण खोटं आहे. माझी आई जिवंत आहे. ती तिथं बसलीय, निळ्या लुगड्यातली."

पुरा हाल माज्याकडं वळला. उमाअक्कांचा हात माज्या हाताला लागून व्हता, तो त्यांनी हळूच काढून घेतला. काय सांगू बाई तुमाला! दोन वरसं माजे कान ज्यासाठी तरसले, ते माजं लेकरू भर सभेत वरडून सांगत व्हतं. वाटलं, धावत जावं, तिला उचलावं, आन् नांदेडपासून गावापतूर नाचत न्यावं. पर बोर्डिंगातनं काढलेल्या त्या पोरीची पेटी माज्या डोळ्यापुढं आली, पायरीवर ठिवलेली. मॅट्रिकला अजून दीड वरीस व्हतं. इतकं सोसलं, आन् दीड वर्सासाठी सोडू?

मी उठले. पदर सावरला. मोठ्यांदा बोलले, सगळ्यांना ऐकू जावं म्हनून.

"लेकरू भरमलं, बाई. उन्हाचा परवास झाला. आईची आठवन आली की तिला असंच व्हतं, मलाच आई म्हनती. मी मावशी हाय. तिची आई मेली. म्या माज्या हातानं माती दिली तिला."

उमाअक्कांनी डोळे पुसले. "ये बाळ, खाली ये."

पंचशीला माज्याकडं बघत एकेक पायरी उतरून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, दया म्हनून.

बाहेर नळापाशी मी तिला एकटीला गाठलं. दंडाला धरून हालवलं. "याडी हायस का? थोडक्यासाठी सगळं मातीत घालनार व्हतीस?"

ती रडत न्हवती. रडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुला सगळ्यांदेखत जित्ती केली व्हती," ती म्हनली. "तूच परत मेलीस."

मी तिच्या भल्यासाठीच बोलले, पर हे वाक्य मनात म्हनलं तरी जीभ जड व्हती.

पंचशीला मॅट्रिकला बोर्डिंगात पहिली आली. पेपरात नाव आलं, उमाअक्कांनी पेढे वाटले. मी तिला न्यायला गेले. तिची पेटी मी डोक्यावर घेतली, आन् आमी दोघी यष्टी स्टँडाकडं निघालो. गंजगोलाई मागं पडली, गर्दी सरली. वळखीचं कुनी न्हवतं, बोर्डिंग न्हवतं, कायदा न्हवता. मी थांबले. म्हनलं, "पंचे, संपलं आता सगळं. आता कुनी ऐकत न्हाई. एकदा आई म्हन."

तिनं माज्याकडं बघितलं. रागानं न्हाई. राग असता तर मी तिचे पाय धरून काढला असता.

"तोंडातच येत न्हाई गं, मावशी," ती म्हनली.

आन् माज्या डोक्यावरची पेटी उतरवून तिनं आपल्या डोक्यावर घेतली, आन् मला म्होरं चालायला सांगितलं.