दातांत धरलेली दांडी

दादांचं डोकं दुखायला लागून दीड वर्ष झालं होतं, आणि तेवढ्या काळात घरादारातल्या प्रत्येकाचं त्या डोक्याबद्दल एकेक मत तयार झालं होतं. बायको म्हणे पित्त. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणे झोप कमी. धाकट्या भावाने तर दुकानात तोंडावरच सांगून टाकलं, "आयुष्यभर पियानोत डोकं घालून बसलायस. डोकं नाही दुखणार तर काय गुडघा दुखणार?"

पियानो दुरुस्तीचं दुकान दोघा भावांचं, वडलांपासून चालत आलेलं. धाकटा लाकूडकाम बघायचा, आतल्या हातोड्यांना दाबलेल्या लोकरीचा नवा नमदा चढवायचा, गंजलेल्या तारा बदलायचा. सूर लावायचं काम मात्र दादांचं. चारेक वर्षांपूर्वी त्यांनी त्या कामाची रीत बदलली होती. वीतभर लांबीची शिसवीची दांडी घ्यायची, तिचं एक टोक पियानोच्या लाकडाला टेकवायचं, दुसरं दातांत घट्ट धरायचं. मग एका हाताने पट्टी दाबायची आणि दुसऱ्या हाताने किल्लीने खुंटी पिळायची. तारेचा नाद लाकडातून दातांत आणि दातांतून थेट डोक्यात उतरायचा. जुन्या कारागिरांची रीत आहे ही, असं त्यांनी सांगितलं होतं. गिऱ्हाइकं कौतुकाने बघत. "हा माणूस दातांनी ऐकतो," म्हणत. दांडी तोंडात असल्यामुळे दादांना काही उत्तर द्यावं लागत नसे, आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडत होतं.

कारण कानांनी त्यांना आता फारसं ऐकूच येत नव्हतं.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते वेळ मारून नेत. दुकानाच्या दाराजवळ एक स्टूल होतं. वडलांचा नियम होता, कान गेला की किल्ली ठेवायची. एका सकाळी वडलांनी सूर लावलेल्या पियानोबद्दल तक्रार आली. वडलांनी ती ऐकून घेतली, किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या स्टूलवर जाऊन बसले. पुढे अकरा वर्षं ते तिथेच बसत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून "या" म्हणत. कुणी त्यांना टाकून बोललं नाही, पण कुणी काही विचारलंही नाही. वडील गेले तरी स्टूल तिथेच होतं, आणि दादा रोज त्याला वळसा घालून आत जात.

आठवड्यातून एकदा वस्तीतल्या प्रार्थनागृहात सगळे जमत. तिथले प्रवचनकार अर्धं बोलत आणि अर्धं गात. बोलता बोलता त्यांचा आवाज कधी सुरात चढे ते कळतही नसे, आणि पियानो मागोमाग हलकेच साथीला येई. दादा लहानपणापासून या प्रवचनांवर जीव टाकून होते. आता ते पियानोला लागून असलेल्या पहिल्या बाकावर बसत आणि समोरच्या लाकडी कठड्यावर हनुवटी दाबून डोळे मिटत. लोकांना वाटे, केवढी ही भक्ती! भक्ती तर होतीच. पण कठड्यातून जेवढा सूर हनुवटीत येई तेवढाच त्यांच्या वाट्याला येत होता, तो ते वेचून घेत होते.

डोकेदुखीपायी चष्मा दोनदा बदलून झाला. रक्तदाब तपासला, डोक्याचा फोटो काढला. कशातच काही निघालं नाही. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनाच कसली तरी शंका आली. "जरा तोंड उघडा बघू," म्हणाले. दादांनी तोंड उघडलं, तसं कानापाशी कट्‌ असं वाजलं. ते समोरच्या डॉक्टरांना ऐकू आलं. दादांना तर ते आतून रोजच ऐकू येत होतं.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाई तरुण होत्या, बोटं हलकी. त्यांनी कानापुढचा सांधा चाचपला, मग गालाचा स्नायू, मग कानशील दाबलं, तशी दादांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुखतं कानशिलात, पण मूळ या सांध्यात आहे," बाई म्हणाल्या. "जबडा दिवसरात्र आवळलेला राहतोय. स्नायू दगड झालेत. दातांत काही धरायची सवय आहे का, काका? पेन्सिल, खिळे, काहीही?"

"नाही," दादा म्हणाले.

बायको शेजारीच बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

बाईंनी दातांचं माप घेऊन एक पारदर्शक प्लेट करून दिली. रात्री घालून झोपायचं. गरम फडक्याने शेकायचं. काही दिवस मऊ खायचं, जांभईसुद्धा बेताने द्यायची. आणि दिवसभर एकच लक्षात ठेवायचं, ओठ मिटलेले, दात सुटे. बायकोने हे कागदावर लिहून आरशाला चिकटवलं.

"जांभई बेताने म्हणे," दादा कुरकुरले. "आता तीही तुला विचारून देऊ का?"

"माझ्यावर दात खायचं तेवढं थांबवलंत तरी पुष्कळ होईल," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत उतार पडला. दुकानात काम थोडं होतं. मग तीन मोठी कामं एकदम आली आणि दादांनी आपलं डोकं चालवलं. प्लेट जर सांधा वाचवायलाच आहे, तर ती दिवसा घातली तर आणखी वाचवेल. त्यांनी कामावर निघताना प्लेट खिशात टाकली, तिथे दातांवर चढवली आणि वरून दांडी चावली. पण प्लेटमधून नाद येई तो रजईखालून यावा तसा, जाड आणि दूरचा. तो स्पष्ट यावा म्हणून दादा दांडी आणखी जोराने चावू लागले. दोन महिन्यांत तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. सकाळी उठले की कपाळावर कुणी पट्टा आवळल्यासारखं होई.

बाईंनी प्लेट दिव्याखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"झोपेत दात घासणाऱ्यांच्या प्लेटवर पसरट खुणा असतात," त्या म्हणाल्या. "ही खाच आहे. गोल, करंगळीएवढी रुंद. काका, तुम्ही झोपेत नेमकं काय चावता?"

बायकोने दादांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, शिसवीची दांडी काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी दांडीचं टोक प्लेटवर टेकवलं, तर ते खाचेत अगदी चपखल बसलं.

मग दादांनी सगळं सांगितलं. बाई मधे एकदाच बोलल्या. "दांडीतून स्वच्छ ऐकू येतं?"

"दांडीतून अगदी पूर्वीसारखं."

"मी कानांची डॉक्टर नाही," बाई सावकाश म्हणाल्या, "पण हाडातून स्वच्छ ऐकू येतंय, म्हणजे आतला कान बहुधा शाबूत आहे. अडलंय ते बाहेरून आत येण्याच्या वाटेवर. त्यावर पुष्कळदा इलाज असतो. कानांच्या डॉक्टरांना कधी दाखवलंत?"

"नाही."

"का हो?"

"दाराजवळचं स्टूल," बायको दादांकडे तोंड करून म्हणाली.

दादांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. हिला माहीत होतं तर.

"ते काय ते मला कळलं नाही," बाई म्हणाल्या, "पण एक सांगते. ही दांडी पुन्हा दातांत धरलीत तर एक दिवस जबडा अडकून बसेल. मग माझी प्लेटही काही करू शकणार नाही."

कानांच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. आणि प्रार्थनागृहाचा पियानो दोन दिवसांत लावून द्यायचा होता. दादा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. एक हात पट्टीला, एक हात किल्लीला; मग दातांत नाही तर दांडी धरायची कशाने? त्यांना दुसरी वाट सुचेना.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनागृह रिकामं होतं. धाकटा पियानोची खालची फळी काढून आत डोकं घालून बसला होता.

"धाकट्या, मला ऐकू येत नाही," दादा म्हणाले.

"काय?" आतून मोठ्याने आवाज आला.

"मला ऐकू येत नाही म्हटलं!"

"मग ओरडतोस कशाला? मला येतंय की."

आणि मग तो हळूहळू बाहेर आला. हाताला काळं, कपाळाला काळं. दादांकडे नीट बघून, तोंड त्यांच्यासमोर आणून त्याने विचारलं, "कधीपासून?"

"चार वर्षं."

"चार वर्षं मी तुझ्या पाठीमागे तुला शिव्या घालतोय," धाकटा म्हणाला, "आणि मला वाटायचं, ऐकूनही शांत राहतो, केवढं मन आहे याचं!"

दादांना हसू आलं, पण जबड्याने ते अर्ध्यावरच अडवलं. धाकटा हसला नाही. तो जमिनीवरच बसून राहिला.

"बाबांना ती तक्रार मीच सांगितली होती," तो म्हणाला. "गिऱ्हाइकासमोर, मोठ्याने. अकरा वर्षं ते तिथे बसले, आणि मी एकदाही त्यांना म्हटलं नाही की बाबा, ही तार बघा हो. तुला वाटलं, तुलाही मी तसंच बसवीन?"

दादांना सगळे शब्द ऐकू आले नाहीत. पण भावाच्या तोंडाकडे बघताना त्यांना जेवढं कळायला हवं होतं तेवढं कळलं. ते खाली वाकले आणि त्यांनी त्याच्या कपाळावरचं काळं अंगठ्याने पुसलं. ते आणखीच पसरलं.

मग त्यांनी खिशातून दांडी काढली. एक टोक पियानोला लावलं. दुसरं दातांशी न नेता कानामागच्या उंचवट्यावर, हाडावर टेकवलं आणि हाताने धरून ठेवलं. उजव्या हाताने मधली पट्टी दाबली. नाद आला. दातांतून यायचा तसा भरीव नव्हता, पण खरा होता.

"किल्ली तू घे," ते म्हणाले.

"मी? मला सूर कुठे कळतो?"

"मला कळतो. तू नुसती पिळ."

धाकट्याने हात पुसून किल्ली खुंटीवर बसवली, भीत भीत, जणू काही मोडेल. दादांनी डोळे मिटले. ओठ मिटले, दात सुटे ठेवले. पट्टी दाबली. आणि त्यांच्या ध्यानात आलं की चार वर्षांत पहिल्यांदाच काम करताना त्यांचं तोंड मोकळं आहे.

"वर घे," ते म्हणाले. "थोडं. अजून थोडं. नाही, जास्त झालं, परत ये… हां. बास."

त्यांनी डोळे उघडले. कानशिलात ठणका होताच. तो काही एका दिवसात जाणार नव्हता. कानाचं काय होईल तेही कुणाला ठाऊक नव्हतं. दोनशेहून जास्त तारा बाकी होत्या, आणि या रीतीने दोन्ही दिवस त्यातच जाणार होते.

"झालं?" धाकट्याने मान वर करून, मोठ्याने, त्यांना दिसेल असं विचारलं.

"ही झाली," दादा म्हणाले. "पुढची घे."