चार बोटं वर

विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरले तेव्हा हंडा वाचला, माझा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंतही जाईना. वेणीचं एक वेळ सोडा. पण अडीच वर्षांची मनस्वी दोन्ही हात वर करून समोर आली की मी तिला डाव्या हातानं नुसती जवळ ओढायची. उचलता यायचं नाही.

शहापूरला व्यायामाच्या डॉक्टरबाई होत्या. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं खारीसारखी वर चढवत न्यायची. माझा खांदा कानाकडे उचलला गेला की त्यांचा तळवा लगेच वरून दाबायचा. "खांदा नाही, हात."

दोनदा गेले. तिसऱ्या वेळी माझा नवरा, दीपेश, म्हणाला, "शेणव्याहून एसटीनं जायचं-यायचं, अर्धा दिवस जातो. फोनवर विचार ना बाईंना. व्यायामच तर सांगतात, सुई थोडीच मारायचीय?"

बाई तयार झाल्या. भिंतीवर कोळशानं रेघ मारायची, दर शुक्रवारी ती किती वर गेली ते सांगायचं. दीपेशच्या मोबाईलला रेंज फक्त गोठ्यामागच्या बांधावर. तो शेजारी उभा, मी बोलणार.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझ्या रेघेशेजारी मनस्वीच्या उंचीची रेघ होती. दर महिन्याला मोजायची मी. "बी.ए. केलंस ते पोरीला मोजायला गो?" असं सासूबाई म्हणायच्या.

तीन आठवडे माझी रेघ हलली नाही. मग मनस्वीला घेऊन आठ दिवस धसईला माहेरी गेले. परत आले तर दिराच्या, सुरजच्या लग्नासाठी घरात नवी भुई केलेली. मुरूम टाकून, चोपून, सारवलेली. पायाला छान गार लागली. मी तशीच भिंतीपाशी गेले. बोटं चढत चढत जुन्या रेघेच्या चार बोटं वर थांबली. ओरडलेच मी.

"वा!" बाई फोनवर म्हणाल्या. "खांदा उचलत नाही ना?"

"नाही." बघायला कोण होतं?

"मग इतक्यात यायची गरज नाही. असंच चालू ठेवा."

बांधावरून घरात येईपर्यंत सासूबाईंनी हंडे काढून ठेवले होते. "हात झाला ना बरा? मग पानी तुजं."

लग्न होईस्तोवर तीन आठवडे मी पाणी वाहिलं. खांदा ठणकायचा. बरं होताना दुखतंच, असं मीच मला समजावायची.

पाहुणे गेल्यावर मनस्वीला भिंतीशी उभी केली. जुन्या रेघेच्या चार बोटं वर! एका महिन्यात? आधी हसले. मग पुन्हा बोटं लावली. मग खाली बघितलं. उंबरा ओलांडायला पूर्वी पाय उचलावा लागायचा.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, भुई चार बोटं वर आलीय."

"आली ना."

"म्हणजे माझा हात गेलाच नव्हता वर."

"तवाच समजलं मला. तू पोरीवानी नाचत व्हतीस."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "लगीन तोंडावर. पानी कोन भरनार व्हतं, बाये?"

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता शहापूरला गेले. बाईंचा तळवा खांद्यावर आला आणि हात पहिल्या भेटीपेक्षाही खाली अडला.

"फोनवर तर तुम्ही..."

"हो. मीच सांगितलं."

"आता वर्षही लागेल. आणि इथं यावं लागेल, दर आठवड्याला."

दीपेशनं ऐकून घेतलं. "वर्षभर? सांगायच्या आधी नीट बघायचंस ना. शिकलेली तू."

आठवड्याला जाणं जमत नाही. महिन्यातून एकदा जमलं तर जाते. मनस्वी आता हात वर करत नाही. मला येताना बघितलं की आधीच भुईवर बसते, आणि मी खाली बसायची वाट बघते.