नमुन्याबाहेर

एकोणीसशे अडुसष्ट साल. गिरणीच्या दवाखान्यात आकडेमोडीच्या कामाला असलेल्या धाकटीने खिडकीपाशी बसून आलेखाच्या कागदावर शेवटचा ठिपका दिला आणि कागद हातभर लांब धरून पाहिला. मागखात्यातल्या सगळ्या बायकांच्या कानांची तपासणी त्यात होती. ठिपके एकमेकांना इतके चिकटले होते, की जणू शंभर बायकांना मिळून एकच कान होता.

डॉक्टर खूश होते. सरासरी उत्तम आली होती, मध्यकही तिला खेटूनच बसला होता. मागांच्या खडखडाटाने कान जातात ही नुसती ओरड आहे, असं आता साहेबांना लिहून देता येणार होतं.

"सरासरीचं ठीक आहे," धाकटी म्हणाली. "पण विचलन बघा. जवळजवळ नाहीच."

"मग चांगलंच की."

"माणसं अशी नसतात, डॉक्टर. कुणी काल लागलेली, कुणी वीस वर्षांची जुनी. आकडे थोडे तरी पांगायला हवेत."

डॉक्टर तिला गमतीने सरासरीबाई म्हणत, पण तिचं ऐकत. कुणाबद्दल शंका आहे का, असं त्यांनी विचारलं. तिने आकड्यांबद्दलच आहे म्हणून सांगितलं, आणि ते अर्धंच खरं होतं. तिची थोरली जाऊ त्याच खात्यात होती. समोरून बोललं तर थोरलीचं उत्तर तयार असे; पाठमोरी असताना मात्र हाकांवर हाका मारल्या तरी मान वळत नसे. घरातले त्याला तिचा तोरा समजत. तपासणीत तिचा आकडा बरोबर सरासरीवर पडला होता.

धाकटी उठून तपासणीच्या खुर्चीत बसली आणि डॉक्टरांना बटण दाबायला लावलं. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, एवढीच ती तपासणी. त्या खुर्चीतून डॉक्टरांचा अंगठा स्वच्छ दिसत होता. बायकांची बोटं आवाजाने नव्हे, अंगठ्याने वर होत होती.

डॉक्टर बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून पुन्हा तपासायचं ठरलं. साहेबांनी एकच दिवस दिला, म्हणून सगळ्यांऐवजी नमुना घ्यायचा. तोही चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कुणाची मर्जी मध्ये येणार नाही. ज्यांचे कान उतरलेले निघतील त्यांनी घडीखात्यात जाऊन कापडाच्या घड्या घालायच्या. तिथे शांतता होती आणि पगार निम्मा.

बातमी धाकटीच्या आधी घरी पोचली. थोरली कपडे वाळत घालत होती. नमुनेच हवे असतील तर आमच्या खात्यात त्यांची वाण नाही, डोळे मिटून कुणालाही उचल, असा टोला तिने आधी हाणला. मग चादर पिळता पिळता थांबली.

"माझी चिठ्ठी टाकू नकोस."

"जाऊबाई, पुरते कान जातील तुमचे."

"जाऊ देत. ह्यांचं काम सुटल्यापासून घर कशावर चाललंय? तुझी फी कशावर भरली?"

हे तिने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. धाकटीने चादरीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात चिठ्ठ्या टाकताना थोरलीची चिठ्ठी शेवटी हातात राहिली. डॉक्टर यंत्र पुसत होते. धाकटीने ती घडी उगाचच आणखी दाबली आणि डब्यात टाकली. मग डबा हलवला, गरजेपेक्षा जास्त. एकेक चिठ्ठी उघडताना ही थोरलीची निघावी असं वाटत होतं की निघू नये, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

थोरलीची निघाली नाही.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांची बोटं मांडीवरच राहिली. त्या घडीखात्यात गेल्या. उरलेल्यांचं पुढच्या वर्षी पाहू, असं साहेब म्हणाले.

संध्याकाळी थोरलीने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला.

"उपकार झाले गं."

"मी काही केलं नाही, जाऊबाई. टाकली होती, निघाली नाही, एवढंच. यादृच्छिक म्हणतात त्याला."

"म्हणू देत काहीही," थोरली हसली. "मला कळतं."

डॉक्टर वर्षाच्या आत दुसरीकडे गेले. यंत्र त्यांचं स्वतःचं, तेही गेलं. पुढच्या वर्षीची तपासणी झालीच नाही. घडीखात्यातल्या बायकांनी धाकटीला जन्मभर शिव्या दिल्या. म्हातारपणी त्या एकत्र बसत तेव्हा कुजबुजत देत, आणि ती कुजबूज एकीची दुसरीला ऐकू जाई. धाकटी पुढे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागली.

थोरली माग बंद पडेपर्यंत मागावर राहिली. नवऱ्याचं दुखणं काढलं, मुलांची लग्नं केली आणि साठीच्या आत ठार बहिरी झाली. आल्यागेल्याला ती मोठ्या आवाजात सांगे, हिने माझी चिठ्ठी लपवली म्हणून आमची चूल पेटली. धाकटी शेजारी बसून ऐकून घेई. खरं सांगायचं तर आता ते ओरडून सांगावं लागलं असतं.