सहकार्य नाही

ऋताने चौथ्यांदा बटण दाबलं. हातातल्या डोळे तपासायच्या यंत्रातून पाखरासारखी चिवचिव झाली, दिवे फिरले आणि पडद्यावर पुन्हा तेच आलं. डाव्या डोळ्याची बाहुली सापडली नाही.

समोरच्या बाकावर सहा वर्षांची आकांक्षा बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, मान ताठ. सकाळपासून झालेल्या सत्तर मुलांत इतकं गच्च कुणी बसलं नव्हतं.

करी रोडच्या या शाळेतला चित्रकलेचा वर्ग तपासणीसाठी मिळाला होता. खिडक्यांना खाकी कागद लावून उजेड मंद केला होता. ऋता एक मीटरवरून यंत्र धरायची, शेजारी नूपुर टॅबवर नोंद करायची. एका मुलाला दीड मिनिट. दिवसाला दीडशे मुलं.

"हलली काय?" दारातून आवाज आला. "हलली तर सांगा मला."

आकांक्षाची आई, लक्ष्मी, आत आली. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये ती हाउसकीपिंगला होती. निळ्या युनिफॉर्मवरच आली होती, दोन तासांची परवानगी काढून. पालकांना खरं तर बोलावलेलं नव्हतं.

"नाही हलली," ऋता म्हणाली.

"गेल्या वर्षी नाटकं केलेली हिने. घरी चिठ्ठी आलेली, सहकार्य नाही म्हणून. माणसं एवढी पोरांसाठी येतात आणि ही नीट बसत नाय. बरी सडकावलेली मी तेव्हा. काय गो, आठवतं मा?"

आकांक्षा समोरच बघत राहिली. "हां," ती म्हणाली.

तीनदा प्रयत्न फसला की टॅबवरचं ॲप कारण विचारायचं. पहिला पर्याय 'मुलाचे सहकार्य नाही'. शेवटचा 'इतर'. 'इतर' दाबलं की चार ओळी लिहाव्या लागत आणि संध्याकाळी ऑफिसातून फोन येई. पहिला दाबला की चिठ्ठी आपोआप निघे, पुढचं मूल घेता येई. सगळे पहिलाच दाबत. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

"पहिलंच टाकू ना?" नूपुरने हळू आवाजात विचारलं. "अजून ऐंशी बाकी आहेत गं."

"थांब. गेल्या वर्षीची नोंद काढ हिची."

नूपुरने काढली. टॅब ऋताकडे वळवला. कारण, 'मुलाचे सहकार्य नाही'. वेळ बारा अठ्ठावन्न, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी दोन मिनिटं. तपासणाऱ्याच्या रकान्यात ऋताचं नाव होतं.

ऋताने ते दोनदा वाचलं. तिला त्या दिवसातलं काही आठवेना. ही मुलगी नाही, हा वर्ग नाही. तिने यंत्र टेबलावर ठेवलं आणि बाकाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

"आकांक्षा, हा डोळा मी झाकते हं. आता सांग, किती बोटं?"

ऋताचा तळवा मुलीच्या उजव्या डोळ्यावर आला. "बाई, लाइट गेली," ती म्हणाली.

"लाइट आहे. बोटं सांग."

आकांक्षाने मान किंचित वाकडी करून तळव्याच्या कडेने बघायचा प्रयत्न केला. लगेच पुन्हा ताठ झाली.

"मी हलले नाय," ती म्हणाली.

ऋताने मोबाइलचा टॉर्च लावून तो हातभर अंतरावर धरला. उजव्या बाहुलीत तांबूस चमक आली. डावीत काही आलं नाही. दुधी काचेमागे असावं तसं राखाडी.

"ताई, हिला उद्याच मोठ्या हॉस्पिटलात न्या," ती उठत म्हणाली. "डाव्या डोळ्याने हिला दिसत नाहीये. मोतीबिंदू असू शकतो, नक्की काय ते डॉक्टर सांगतील. यंत्राला तो डोळा सापडत नाही, ते त्यामुळे. हिच्या हलण्यामुळे नाही."

"मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो."

"मुलांनाही होतो."

लक्ष्मीने मुलीकडे पाहिलं. "चष्मा लावला तर?"

"नुसत्या चष्म्याने नाही होणार. ऑपरेशन सांगतील बहुतेक."

"मग दिसेल?"

"जितकं लवकर करतात तितकं जास्त दिसतं. आता किती दिसेल ते मला नाही सांगता येणार."

"गेल्या वर्षी कळलं असतं?"

नूपुर टॅबकडे बघत राहिली. बाहेर रांगेत पोरं एकमेकांना ढकलत होती, त्यांच्या बाई ओरडत होत्या.

"असतं," ऋता म्हणाली.

"तेव्हा कोण आलेलं?"

"मी."

लक्ष्मी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुठे जायचं ते लिहून द्या."

ऋताने कागदावर हॉस्पिटलचं नाव, विभाग, ओपीडीची वेळ लिहिली. खाली स्वतःचा नंबर लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं. लक्ष्मीने कागदाची घडी युनिफॉर्मच्या खिशात घातली आणि मुलीच्या डाव्या अंगाने जाऊन तिचा दंड धरला.

बोटं लागताच आकांक्षा अंग चोरून बाकाच्या टोकाला सरकली. कोपर तोंडावर आलं होतं.

लक्ष्मीचा हात तसाच हवेत राहिला. मग ती बाकाला वळसा घालून उजव्या बाजूला आली, मुलीला दिसेल अशी उभी राहिली आणि हात पुढे करून थांबली.