पेवाच्या तोंडाशी

मित्रांनो, माझी काच तडकली आहे, वात जळून गेली आहे, दांडीला गंज चढला आहे. तरी मी कंदीलच आहे. म्हसावदजवळच्या एका खेड्यात, चुडामण पाटलांच्या ओसरीवर मी टांगलेला असतो. मी आलो तेव्हा आमचा मुलूख पश्चिम खानदेशात होता आणि राज्य इंग्रजांचे होते.

मला शहाद्याच्या बाजारातून नवलने आणले. नवल पाटलांचा एकुलता मुलगा, विशीतला. माझी काच तो स्वतः राखेने पुसायचा. पुसता पुसता आमशाला सांगायचा, यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून तांबडी घोडी आणायची. आमशा हा त्यांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, भिल्ल तरुण. दोघे एकाच वयाचे, एकाच शेतात राबणारे.

त्या श्रावणात पाऊस थांबेना. पेवात, म्हणजे ज्वारी साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, ओल शिरली. ज्वारी बाहेर काढली नसती तर वर्षभराचे खाणे कुजले असते. एका सकाळी उघडीप मिळाली आणि पेव उघडले. आतून आंबट, कुबट वास आला. पाटलांनी मला पेटवून दोरीने खाली सोडले. अर्ध्यावर जाताच माझी ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि विझली.

मला वर ओढून पाटील म्हणाले, "आत हवा खराब शे. आज कोनी उतरू नका." मग ते धान्यासाठी कोरडी जागा मागायला गावात गेले.

दुपारी ढग पुन्हा भरून आले. पेवाचे तोंड झाकायला पत्रा हवा म्हणून नवल गोठ्याकडे धावला. इकडे आमशाला राहवेना. निदान दोन टोपली ज्वारी तरी वाचवू, असे त्याला वाटले असेल. कडेच्या खाचांत पाय रोवत तो उतरला. त्याच्या पावलांचा आवाज येत होता. मग धप्प असे काही पडले. मग काहीच ऐकू येईना.

नवलने परत येऊन हाका मारल्या. मग तो उतरायला पेवाच्या काठावर बसला. शेजारचे दोधूकाका धावत आले, त्यांनी त्याचा दंड धरला, बापाच्या शब्दांची आठवण करून दिली. नवल म्हणाला, "काका, बाबा येतस तवलोंग तो वाचाव नही."

काकांनी त्याच्या कमरेला दोर बांधला. तोंडावर ओला पंचा गुंडाळून तो उतरला. मी काठावरच पडलो होतो. दोर सरकत गेला, थांबला, बराच वेळ हलला नाही. मग हिसका बसला. काकांनी आणि जमलेल्या माणसांनी जोर लावून ओढले.

वर आला तो आमशा. नवलने आपल्या कमरेचा दोर सोडून त्याला बांधला होता.

काकांनी तोच दोर पुन्हा खाली टाकला. "नवल, दोर धर," ते म्हणत राहिले. दोर लोंबत राहिला.

पाटील आले. त्यांनी कडुनिंबाच्या फांद्या दोराला बांधून पेवात खालीवर झोडपल्या, आतली हवा हलवली. मग जमलेल्यांपैकी दोघांनी उतरून नवलला बाहेर काढले. त्याचा श्वास थांबला होता. तेवढ्यात पाऊस आला. ज्वारी भिजली, तिकडे कोणी पाहिलेही नाही.

आमशा जगला. गावात कुजबुज झाली की त्याला आता ठेवू नये. तेरावे झाल्यावर तो स्वतःच आपले गाठोडे घेऊन अंगणात येऊन उभा राहिला. नवलची आई भिकुबाई बाहेर आली. तिने ते गाठोडे त्याच्या हातातून घेतले आणि ओसरीवर भाकरीचे ताट ठेवले.

ती म्हणाली, "मन्हा पोऱ्यानी तुले वर काढं. मी घरमातून कसी काढी देऊ? बठ, जेवी ले."

मित्रांनो, बंद पेवात, पडक्या विहिरीत एकदम उतरू नका. आधी दिवा सोडा. तो विझला, तर तुमचाही श्वास तिथे टिकणार नाही. खाली कोणी पडले असेल, तर आधी आतली हवा हलवा, माणसे जमवा आणि आपल्या कमरेचा दोर सोडू नका.

हे मी सर्वांना सांगतो. नवलने थोडे थांबायला हवे होते, असेही मला वाटते. पण संध्याकाळी आमशाची मुले या ओसरीवर खेळायला येतात, भिकुबाईच्या मांडीवर चढतात, आणि मग मला पुढे बोलवत नाही.