वसंतरावांची मगर

वसंतरावांनी आयुष्यात एकदाच मगर खाल्ली, आणि तीसुद्धा खाल्ली नाही.

ही गोष्ट जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असा त्यांचा चाळीस वर्षं समज होता. मगरीला ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता, कारण मगर नव्हतीच.

झालं होतं ते असं. १९८३ साली त्यांच्या विमा कंपनीने त्यांना तीन महिन्यांसाठी नैरोबीला धाडलं. त्यांच्यात काही विशेष दिसलं म्हणून नव्हे. ज्या साहेबांनी जायचं होतं त्यांचं अपेंडिक्स निघालं आणि यादीत खालचं नाव वसंतरावांचं होतं. गिरगावातल्या त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. त्यामुळे कालिंदीबाईंनी नव्वद दिवसांच्या नव्वद प्लॅस्टिकच्या पिशव्या भरून दिल्या. प्रत्येकीत एका माणसाच्या खिचडीचे डाळ-तांदूळ, वर पुडीत हळद, हिंग, मीठ. वसंतरावांनी नव्वद दिवस इलेक्ट्रिकच्या शेगडीवर खिचडी शिजवली, फायली लावल्या आणि ते परत आले.

सोमवारी ऑफिसात डबे उघडले आणि लालबागच्या जयवंताने मोठ्यांदा विचारलं, “काय रे वशा, मगर-बिगर खाल्लीस की नाय तिकडे?”

वसंतराव ‘नाही’ म्हणणार होते. पण आजूबाजूचे अकरा डबे त्यांच्याकडे बघत थांबले होते. त्या ऑफिसातल्या बारा वर्षांत त्यांच्या उत्तरासाठी एकही डबा कधी थांबला नव्हता.

“खाल्ली,” ते म्हणाले.

“आयला! कशी लागते?”

“कोंबडी आणि मासा यांच्या मधली.”

या दोन्ही गोष्टी त्यांनी खाल्लेल्या नव्हत्या. पण जयवंताने सुरमईचा तुकडा हातात धरून गंभीरपणे मान हलवली. “बरोबर. तशीच लागणार.” जाणत्या माणसाने मान हलवल्यावर वसंतरावांना माघारीची वाट उरली नाही, आणि खरं सांगायचं तर ती त्यांनी फारशी शोधलीही नाही.

पुढे मगर वाढत गेली. आधी तळ्याचा काठ आला, मग निखारे आले, मग केळीच्या पानातला मसाला. मिस्टर ओटिएनो नावाचा एक धाडसी शिकारी मित्र आला. प्रत्यक्षात ओटिएनो हे शाखेतले सज्जन कॅशियर होते आणि त्यांना पालीचीसुद्धा भीती वाटे.

या मगरीचा सर्वांत निष्ठावान श्रोता म्हणजे नातू अर्णव. सहा वर्षांचा असताना तो मगरीशिवाय जेवत नसे. डोळे घट्ट मिटून वरणभाताचा घास घ्यायचा आणि म्हणायचा, “आजोबा, थांबा, थांबा. आज लागतेय.” वसंतरावांना बरं वाटे. खोटं बोलून मूल जेवत असेल तर त्यात कुणाचं काय गेलं?

काय गेलं ते अर्णवच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं. इंजिनीअरिंगची दोन वर्षं झाल्यावर त्याने वडिलांना सांगितलं की मला स्वयंपाक शिकायचाय. “आजोबा पस्तिसाव्या वर्षी मगर खाऊन आले, आणि मी काय, घरी वरणभात खाऊन आयुष्यभर कोड लिहू?” अवधूत, म्हणजे वसंतरावांचा मुलगा, आठ दिवस कुणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी चहा घेताना एकच वाक्य बोलला.

“बाबा, तुमच्या मगरीने माझा मुलगा खाल्ला.”

त्यानंतर वसंतरावांनी मगर बंद केली. पण तोवर अर्णव पार गोव्याच्या एका हॉटेलात कांदे चिरायला पोचला होता.

आता अर्णव सत्तावीस वर्षांचा होता. अक्षदा नावाच्या मैत्रिणीबरोबर तो लालबागमध्ये, मसाला कुटायच्या गिरणीच्या वर, सोळा खुर्च्यांचं हॉटेल काढत होता. जे लोक सहसा मागत नाहीत, ते खिलवायचं अशी त्याची कल्पना होती. उद्घाटनाच्या चार दिवस आधी तो गिरगावात आला, आजोबांच्या खाटेवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “आजोबा, पहिला घास तुमचा.”

“कसला?”

“म्हाकूल. स्क्विड म्हणतात ते. त्याच्याच काळ्या शाईत शिजवलेलं. अक्षदा मच्छीमार नगरातून स्वतः आणते, सकाळी सहाला जाऊन. मगर काही इथे मिळायची नाही. पण तुम्ही सांगायचात ना, दाताला आधी अडते, मग सुटते, धुराचा वास, कोंबडी आणि मासा यांच्या मधलं काहीतरी? चार वर्षं तेच शोधतोय. तुम्ही फक्त खाऊन सांगायचं, मी किती जवळ आलोय.”

“मी?”

“मग कोण? आपल्यापैकी दुसऱ्या कुणी मगर खाल्लीय?”

तो निघून गेला. वसंतराव त्या दुपारी पंख्याकडे बघत पडून राहिले. घास खायचाच झाला तर खाता येईल, असं त्यांना आश्चर्याने वाटलं. शहात्तराव्या वर्षी देव फार बारकाईने बघत नसावा. भीती घासाची नव्हती. पोराने आपलं आयुष्य ज्या खांबावर टेकवलं होतं, तो खांब त्यांनी डबा खाता खाता हवेत उभा केला होता. तो खोटा आहे हे उद्घाटनाच्या तोंडावर त्याला कळलं तर?

चारच्या चहाला त्यांनी विषय काढला. “अगं, माझं पोट जरा बरं नाही. शनिवारी तू एकटीच जा.”

“पोटाला काय झालंय? मगर पचवलीत ना?” कालिंदीबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. वसंतरावांनी कप खाली ठेवला. “म्हणजे?”

“म्हणजे नव्वद पिशव्या.”

“कुठल्या?”

“मी नव्वद दिल्या होत्या. तुम्ही नव्वद परत आणल्यात. धुऊन, वाळवून, घडी करून, वर रबर लावून. सगळ्या रिकाम्या. माहेरी लोणचं पाठवायला काढल्या तेव्हा मोजल्या मी. अहो, एक तरी भरलेली आणायची होती, म्हणजे मगरीला एका दिवसाची जागा झाली असती.”

वसंतरावांच्या डोळ्यांसमोर नैरोबीतली ती खोली आली, दोरीवर चिमट्यांनी लावलेल्या पिशव्या आल्या. प्लॅस्टिकची चांगली पिशवी टाकून द्यायची, हा विचार त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. गुन्ह्याचा पुरावा त्यांनी स्वतः साबणाने धुऊन घरी आणला होता.

“चाळीस वर्षं बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? ती गोष्ट सांगताना तुम्ही ताठ बसायचात. एरवी कुठे बसता?” त्यांनी बिस्किट बुडवलं. “पण आता पोराला खोटं सांगू नका. लग्न नाही, घर नाही, त्याने सगळं त्या हॉटेलात घातलंय.”

“खरं सांगितलं तर त्याचं काय होईल?”

“ते मला नाही माहीत,” कालिंदीबाई म्हणाल्या. “मी पिशव्या मोजलेल्या. पुढचं नाही.”

शनिवारी दुपारी दोघं लालबागला गेले, बरोबर अवधूत आणि त्याची बायको सुरुची. जिना चढतानाच खालच्या गिरणीतली मिरची नाकात गेली आणि सगळे एकदम शिंकायला लागले. वर दारात अक्षदा उभी होती, कमरेला फडकं खोचून.

“या आजोबा, या. शिंका येणारच, टेन्शन नाय. लालबागची एंट्री फी आहे ती. आमच्याकडे बाळाला पण बारशाला पहिली हीच शिंक येते.”

अवधूत भिंतीशी हाताची घडी घालून बसला. तो इथे यायला तयार झाला हेच पुष्कळ होतं. अर्णव स्वतः ताटली घेऊन आला. पांढऱ्या ताटलीत काळंभोर कालवण, काळ्या वाटाण्याच्या आमटीहून काळं, आणि त्यात पांढरी वेटोळी. त्याने ती आजोबांसमोर ठेवली, खिशातून लहानशी वही काढली आणि तो उभा राहिला. उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. सहा वर्षांच्या पोरासारखे, घट्ट.

वसंतरावांनी चमचा उचलला. ‘अगदी जवळ आलास’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. जयवंताला तर एकाच शब्दात गुंडाळलं होतं.

त्यांनी घास घेतला.

आधी काहीच झालं नाही. मग ते वेटोळं ओल्या खोबऱ्यासारखं दाताला जरा अडलं आणि सुटलं. कोकम आलं, खालून उठणारा धूर आला, आणि मग एक वास आला. भरतीच्या वेळी चौपाटीवर येतो तो, पण चांगल्या घरात वाढलेला. वसंतरावांनी चावायचं थांबवलं. पदार्थ आवडत होता. हा त्यांच्यावर अन्यायच होता. न खाण्याची सवय त्यांनी शहात्तर वर्षं इमानाने सांभाळली होती, आणि ती मोडायला एक घास पुरला. त्यांनी दुसरा घास घेतला. तो कुणी सांगितला नव्हता.

“बोला आजोबा,” अर्णव मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला. “मगरीच्या किती जवळ?”

“मला माहीत नाही.”

“बरीच वर्षं झाली, मान्य. पण अंदाजे?”

“अर्णव, डोळे उघड,” वसंतराव म्हणाले. “मी मगर खाल्लेली नाही. तळं नव्हतं, निखारे नव्हते. तीन महिने तुझ्या आजीची खिचडी खाल्ली. ऑफिसात एकाने विचारलं आणि मी हो म्हणालो. पुढे थांबायला जमलं नाही.”

अर्णवने डोळे उघडले.

“पण कोंबडी आणि मासा यांच्या मधली...” अर्णव म्हणाला.

“कोंबडीही खाल्लेली नाही.”

“आणि मासा?”

“हा आत्ता खाल्ला तो.”

“आजोबा,” अक्षदा हळूच म्हणाली, “म्हाकूल मासा नसतो.”

“मग मासाही नाही.”

अर्णवने वही मिटली. वळला आणि स्वयंपाकघरात गेला. दार झुलत राहिलं. अक्षदा त्याच्या मागे निघाली, मग थांबली आणि उगाच टेबल पुसायला लागली.

“म्हणजे बाबा,” अवधूत म्हणाला, “माझा मुलगा कुणी खाल्ला?”

“मी,” वसंतराव म्हणाले.

अवधूतने हाताची घडी सोडली. या उत्तराची त्याला आठ वर्षं वाट पाहावी लागली होती, पण ते मिळाल्यावर त्याचं काय करायचं हे त्याने ठरवलेलं दिसत नव्हतं.

सगळे झुलत्या दाराकडे बघत असताना कालिंदीबाईंनी नवऱ्याची ताटली आपल्याकडे ओढली आणि चमचाभर काळं कालवण तोंडात घातलं.

“आई!” सुरुची ओरडली.

“चाळीस वर्षं नुसतं ऐकलंय गं,” त्या म्हणाल्या. “मीठ बेताचं आहे. छान आहे.”

आत तव्यावर काहीतरी चर्र वाजलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. वसंतराव दाराकडे पाठ करून बसले. पोराने आतूनच निरोप पाठवला असता, की घरी जा, तरी त्यांना तो रास्त वाटला असता.

अर्णव बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. खालच्या मिरचीने असतील. त्याच्या हातात दुसरी पांढरी ताटली होती. एका कडेला बोटाच्या पेराएवढा कोंबडीचा तुकडा, दुसऱ्या कडेला तेवढाच सुरमईचा. दोन्ही नुसते मिठावर भाजलेले. मधे मोकळी ताटली.

“हे दोन खा,” तो म्हणाला. तो हसत नव्हता. “मसाला घातलेला नाही. खाऊन कसं लागलं ते सांगा. लागलं तसंच. बाकी काही घालू नका.”

“आणि मग?”

“मग मधलं मी शोधतो. ते तुमच्याकडे नव्हतंच, तर मला विचारायची गरज नाही.” त्याने आजीच्या हातातल्या ताटलीकडे बोट दाखवलं. “पण चार वर्षं शोधत होतो म्हणून हे म्हाकूल सापडलं. ते काही मी फेकून देणार नाही.”

वसंतरावांनी कोंबडी खाल्ली. सगळे बघत होते, अकरा डब्यांसारखे. बोलायला तोंड उघडलं तसं निखाऱ्यांचं एक सुरेख वाक्य जिभेवर आलं. त्यांनी ते कोंबडीबरोबर गिळलं.

“मला वाटलं होतं त्यापेक्षा साधी आहे,” ते म्हणाले. “जराशी कोरडी.”

“कोरडी?” अर्णवने वही उघडली. “मांडीचा तुकडा घेतला असता तर कोरडी झाली नसती. माझी चूक.” त्याने लिहिलं. “पुढचं.”

वसंतरावांनी सुरमई खाल्ली. हे सांगायला त्यांना वेळ लागला. जयवंत आज असता तर त्याने मदत केली असती.

“याला आपला स्वतःचा गोडवा आहे,” ते शेवटी म्हणाले. “आणि हे दोन्ही एकमेकांसारखे अजिबात लागत नाहीत. यांच्या मधे काय असेल, मला सुचत नाही.”

“हे पहिलं खरं वाक्य बोललात,” अर्णव म्हणाला, आणि तेही त्याने लिहून घेतलं.

भिंतीशी बसलेल्या अवधूतने खुर्ची पुढे ओढली आणि काळ्या कालवणाची ताटली आईच्या हातातून काढून घेतली. त्यात एकच वेटोळं उरलं होतं. ते नीट न्याहाळून त्याने मुलाला विचारलं, “याचे डोळे काढता का रे आधी?”

“काढतो, बाबा.”

“बरं,” अवधूत म्हणाला आणि त्याने चमचा उचलला.

वसंतराव मोकळ्या ताटलीकडे बघत होते. त्यांच्या ध्यानात नव्हतं, पण कालिंदीबाईंच्या होतं. ते ताठ बसले होते.